कुंदा घरी ठेवा, पहाणीचा उतारा बरोबर घ्या

बेळगावच्या खडेबाजारातल्या एका ट्रॅव्हल्सच्या कचेरीत तिकिटांच्या काउंटरवर माझी सव्वीस वर्षे गेली. या महिन्यात आलेल्या पत्रांत परदेशी सुट्टीचीच पत्रे जास्त आहेत. त्यातली चार इथे घेते आहे. पहिल्या पत्राला जागा जास्त गेली, कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आणखी सात-आठ जणांनी विचारला आहे.

प्रश्न : मी निपाणीचा निवृत्त शिक्षक, वय ६८. मुलगा मँचेस्टरला असतो. फेब्रुवारीत आम्ही दोघे त्याच्याकडे जाणार आहोत. तिथून आठवडाभर टेनेरिफ नावाच्या बेटावर जायचे त्याने ठरवले आहे. विमान कंपनी म्हणे फक्त सुट्टीवर जाणाऱ्यांची. आमच्या मंडळींनी हे नाव कधी ऐकलेले नाही, शिवाय त्यांचे गुडघे दुखतात. अशा कंपनीवर विश्वास ठेवावा का? इंग्लंडचा व्हिसा आहे, तेवढा पुरेल का? आणि आम्ही माळकरी, जेवणाचे काय?

उत्तर : गुरुजी, व्हिसाचे आधी सांगते. ते राहिले तर बाकी सगळेच राहते. टेनेरिफ हे बेट आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ असले तरी ते स्पेनचे आहे. तिथे इंग्लंडचा व्हिसा चालत नाही, शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला, वेगळा लागतो. तो नसेल तर मँचेस्टरच्या काउंटरवरच तुम्हाला थांबवतील आणि बुकिंगचे पैसे जातील. तिकडे गेल्यावर काढू म्हणाल, तर पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाचा अर्ज तिथे सहसा घेत नाहीत. इंग्लंडचा व्हिसा तुमच्या हातात आहेच, तेव्हा आता लगेच इथूनच अर्ज करा. मोठ्या माणसाला ९० युरो फी आहे. किमान ३० हजार युरोचा प्रवास विमा लागतो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा हवा आणि त्यात दोन पाने कोरी हवीत. आणखी एक गोष्ट चष्मा लावून बघा. टेनेरिफहून तुम्हाला पुन्हा इंग्लंडात शिरायचे आहे, तेव्हा तिथला व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा आहे ना, हे व्हिसावरच वाचून खात्री करा.

कागदांच्या बाबतीत आपल्या भागातल्या लोकांची एक खास अडचण असते. तुमच्या पेन्शनची कागदपत्रे, बँकेचा सहा महिन्यांचा उतारा हे सगळे इंग्रजीत मिळते. पण शेतीचा पहाणी उतारा कन्नडमध्ये असतो. महाराष्ट्रातल्या पाहुण्यांचा सातबारा मराठीत, आपली आरटीसी, म्हणजे हाच पहाणी उतारा, कन्नडमध्ये, आणि व्हिसाच्या खिडकीवर दोन्हींचा उपयोग सारखाच, म्हणजे भाषांतर जोडल्याशिवाय काही नाही. मुलाबाळांकडे गेलेला माणूस परत येणार का, याचा पुरावा म्हणून जमिनीच्या कागदाला वजन असते. तेव्हा भाषांतर करून घ्या आणि मूळ उताऱ्याला टाचून द्या. दुसरी अडचण गावाच्या नावाची. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले. जुन्या पासपोर्टवर जन्मस्थान जुन्या नावाने असते, आधारवर नव्या नावाने. माझ्या काउंटरवर यावरून घाबरून गेलेली माणसे मी पाहिली आहेत. घाबरू नका. अर्जासोबतच्या पत्रात ही दोन्ही नावे एकाच शहराची आहेत आणि नाव कधी बदलले, एवढे एक वाक्य लिहा.

आता विश्वासाचे. जेट टू, टीयूआय, जर्मनीची काँडोर या कंपन्यांचा मुख्य धंदाच लोकांना सुट्टीला नेण्याचा. आपल्याकडे त्यांच्या जाहिराती नसतात म्हणून नावे कानावर येत नाहीत, पण तिकडे घराघरात माहीत आहेत. विमानाच्या देखभालीचे आणि वैमानिकांचे नियम मोठ्या कंपन्यांना जे, तेच यांना. दोन वर्षांमागे मी आणि आमचे हे मुलीकडे लीड्सला गेलो होतो, तेव्हा असल्याच विमानाने टेनेरिफला जाऊन आलो. पहाटे पाच वाजता बाहेर हाडे गोठवणारी थंडी, आणि विमानतळावर सत्तरीची जोडपी कोटाखाली अर्धी चड्डी घालून चहा पीत बसलेली. आपण पावसाळ्यात खास पाऊस बघायला आंबोलीला जातो की नाही? तशी ती माणसे थंडीत ऊन बघायला जातात. त्यांच्याकडे डिसेंबरात दुपारी चारलाच अंधार पडतो. माझ्या शेजारच्या आजीबाई एकोणीस वर्षे दर फेब्रुवारीत त्याच बेटावर, त्याच हॉटेलात जात होत्या. उतरताना ढगांतून तेईदे पर्वताचे टोक वर आले, तेव्हा त्यांनी खिडकीची जागा सोडून मला पुढे केले. ३,७१५ मीटरचा तो डोंगर, स्पेनमधला सगळ्यात उंच. खाली काळा खडक आणि काळी वाळू. ज्वालामुखीचाच तो दगड, आपल्या सह्याद्रीसारखा, पण वयाने फार कोवळा.

विश्वास ठेवावा का, यापेक्षा मुलाला एक नेमका प्रश्न विचारा : “विमान आणि हॉटेल एकाच कंपनीकडून एकत्र घेतलेस, की वेगवेगळे?” सगळी मेख इथे आहे. एकत्र घेतले असेल तर ते पॅकेज. इंग्लंडात अशा पॅकेजला अॅटोल नावाचे संरक्षण आहे, १९७३ पासून. कंपनी बुडाली तर माणसे परत आणायची आणि न झालेल्या सहलीचे पैसे द्यायचे, अशी ती व्यवस्था. २३ सप्टेंबर २०१९ ला इंग्लंडची थॉमस कुक बंद पडली. १८४१ मध्ये सुरू झालेली कंपनी, एका रात्रीत गेली. त्या वेळी दीड लाखांच्या आसपास माणसे परदेशात होती आणि सरकारने विमाने भाड्याने घेऊन त्यांना घरी आणले. (भारतातली थॉमस कुक ही त्याआधीच वेगळी झालेली कंपनी, तिला काही झाले नाही. त्या आठवड्यात बेळगावातून मला तीस तरी फोन आले असतील.) आपल्याकडे त्याच वर्षी एप्रिलमध्ये जेट एअरवेज थांबली, २०२३ च्या मे महिन्यात गो फर्स्ट थांबली. ज्यांनी नुसती तिकिटे काढली होती त्यांना परताव्यासाठी दाव्यांच्या रांगेत उभे राहावे लागले. हा फरक मी काउंटरच्या आतून पाहिला आहे, म्हणून एवढे आग्रहाने सांगते. मुलाकडे अॅटोलचे प्रमाणपत्र ईमेलवर आले असेल, त्याची एक प्रत छापून तुमच्या पिशवीत ठेवा.

विमान सकाळचे आहे की नंतरचे, तेही विचारा. या कंपन्या एकच विमान दिवसात दोन खेपा पळवतात. मँचेस्टरहून टेनेरिफला साडेचार तासांच्या आसपास लागतात, म्हणजे सकाळचे विमान जाऊन आले की तेच संध्याकाळच्या सुमारास पुन्हा निघते. सकाळी दोन तास उशीर झाला की तो दुसऱ्या खेपेच्या माथी बसतो. शक्य असेल तर पहिली खेप घ्या, पहाटे उठावे लागले तरी चालेल. पोहोचायला तीन तासांपेक्षा जास्त उशीर झाला आणि चूक कंपनीची असली, तर एवढ्या अंतराला माणशी ३५० पौंड भरपाईचा कायदा तिथे आहे. तो प्रवाशाचा पासपोर्ट कुठला, हे बघत नाही. खराब हवामानाला मात्र तो लागू नाही, पण थांबावे लागले तर खाणेपिणे कंपनीनेच द्यायचे.

वहिनींच्या गुडघ्यांसाठी मदत फुकट मिळते. तिकडच्या कायद्याने निघण्याच्या किमान ४८ तास आधी कळवायचे असते. मुलाला बुकिंगमध्ये “जिना चढता येत नाही” असे स्पष्ट टाकायला सांगा. नुसते व्हीलचेअर लिहिले तर दारापर्यंत खुर्ची मिळते, आणि ही विमाने पुष्कळदा मैदानातच उभी असतात, जिना लावून चढायचे. जिना जमत नाही म्हटले की उचलून वर नेणारी गाडी देतात. आमच्या ह्यांना त्या गाडीने नेले, मी खाली उभी राहून बघत होते, जीव भांड्यात पडला.

सामानाची मात्र नीट मोजणी करा. मुंबईहून लांबच्या विमानाला तुम्हाला २५-३० किलो मिळतील. जेट टूमध्ये मोठ्या बॅगेला २२ किलो आणि हातातल्या बॅगेला १० किलो, दुसऱ्या कंपन्यांत आकडे वेगळे. नुसत्या तिकिटात मोठी बॅग धरलेलीच नसते, तेही बघा. माझे झाले असे की परतीला बॅगेचे चाक आणि कडी तुटून आली. विमानतळावर रांग मोठी, मुलगी बाहेर वाट बघत होती, म्हणून तक्रार न लिहिता निघाले. बेळगावला आल्यावर, बाराव्या दिवशी कंपनीला लिहिले आणि त्यांनी नाही म्हटले. नियमाने त्यांचे बरोबर होते. मोडतोडीची तक्रार सात दिवसांत लेखी द्यावी लागते, उशिरा आलेल्या सामानाची एकवीस दिवसांत. पट्ट्याशेजारच्याच खिडकीवर कागद भरून त्याची प्रत घ्यायला दहा मिनिटे लागतात, ती द्या.

टेनेरिफला उतरल्यावर रांगेत वेळ जाईल. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायला सुरुवात झाली आहे. मुलाकडे तिकडचा पासपोर्ट असला तरी त्याची रांग आता तुमच्यासारखीच.

जेवणाची काळजी अजिबात करू नका. विमानात विकत घ्यावे लागते, म्हणून घरून थालीपीठ न्या, कोरडे चालते. बेटावर छोटे बटाटे सालीसकट भरपूर मिठाच्या पाण्यात उकडतात, साल सुरकुतेपर्यंत. त्याला पापास अरुगादास म्हणतात. बरोबर लसूण, मिरची, तेल आणि व्हिनेगरची लाल नाहीतर हिरवी चटणी देतात, मोहो. लसूण चालत असेल तर वहिनींना आवडेल. मला तर ती खाताना ओल्या मिरचीच्या ठेच्याची आठवण झाली.

प्रश्न : लेक इंग्लंडात आहे, बाळंतीण आहे. तिला बेळगावचा कुंदा हवा आहे. जावई म्हणतात, नेता येत नाही. खरे का? – एक आई, वडगाव

उत्तर : खरे आहे हो ताई. कुंदा म्हणजे आटवलेले दूध, आणि भारतातून दुधाचे व मांसाचे पदार्थ इंग्लंडात नेऊ देत नाहीत. युरोपातही नाही. पेढा, खवा, तूप सगळे त्यातच आले. गोकाकचे करदंट तुपातले असते, तेही मी नेणार नाही. सापडले तर काढून टाकून देतात आणि विचारपूस होते. शेंगांची चटणी, भडंग, तेलातल्या चकल्या, ब्याडगी मिरचीचे तिखट मोठ्या बॅगेत घालून न्या. सुके खोबरे मोठ्या बॅगेत घालू नका, त्यात तेल असते आणि ते पेट घेते म्हणून बंदी आहे. आणि दुबईमार्गे जात असाल तर बाळंतिणीसाठी म्हणून खसखस नेऊ नका. तिकडे खसखस बाळगणे गुन्हा आहे.

कुंदा तिथेच करा. पूर्ण साईचे दूध, थोडे दही, साखर. दूध उकळले की दही घालून फाटू द्यायचे आणि तांबूस रंग येईपर्यंत मंद आचेवर हलवत बसायचे. दोन तास जातात. लेकीजवळ बसून दोन तास हलवलेला कुंदा तिला दुकानातल्यापेक्षा गोड लागेल, हे मी मनापासून सांगते.

प्रश्न : आम्ही शहापूरच्या अकरा जणी. चार वर्षे भिशी केली आणि त्यातून फुकेतला जायचे ठरवले. एजंट माणशी ६२ हजार मागतो, सगळे आधी आणि रोख. पावती सहलीनंतर देतो म्हणतो. “चार्टर (सहल कंपनीने अख्खे भाड्याने घेतलेले) विमान आहे, पीएनआर (बुकिंगचा क्रमांक) शेवटच्या दिवशी मिळेल,” असेही सांगतो. काय करावे?

उत्तर : बायांनो, पैसे अजून दिले नसतील तर हात आखडा. दिले असतील तर आज संध्याकाळीच चौघी-पाच जणी मिळून त्याच्याकडे जा.

त्याच्या बोलण्यात थोडे खरे आहे, आणि तेच माणसाला फसवते. गटाच्या बुकिंगला प्रवाशांची नावे शेवटच्या काही दिवसांत भरतात, हे खरे. पण जागा आधी धरलेल्या असतात, त्यासाठी एजंटाने विमान कंपनीला किंवा मोठ्या सहल कंपनीला पैसे भरलेले असतात आणि त्याचा कागद त्याच्याकडे असतो. तो कागद दाखव म्हणा. त्यावर तारीख, विमानाचा क्रमांक आणि जागांचा आकडा हवा. दाखवत नसेल तर जागाच नाहीत असे समजा.

पीएनआर मिळाला तरी तेवढ्यावर राहू नका. सहा अक्षरांचा तो क्रमांक नुसती जागा धरल्याचाही असू शकतो, पैसे न भरता. मोठ्या कंपन्यांच्या तिकिटाला तेरा आकडी क्रमांक असतो, तो छापून आला म्हणजे तिकीट निघाले. स्वस्तातल्या आणि सुट्टीच्या कंपन्या पुष्कळदा तो आकडा देत नाहीत. तिथे कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर आणि आडनाव टाकून स्वतः बघायचे. आमच्या मागच्या गल्लीतल्या सात जणी मुंबईच्या विमानतळावरून परत आल्या होत्या. हातात रंगीत छापलेले कागद होते, पीएनआरही होता. एजंटाने जागा धरल्या, पैसे भरलेच नाहीत, आणि मुदत संपून त्या सुटल्या. त्यातली एक जण आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होती. नवी साडी नेसून घराच्या पायरीवर बसलेली तिची मूर्ती माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

रोख देऊ नका. एका व्यवहारासाठी एका माणसाकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे, आणि तुमच्या भिशीची प्रमुख सगळ्यांचे मिळून देणार म्हणजे रक्कम त्याच्या वर जाते. प्रत्येकीने आपापल्या खात्यातून भरा, आपापले बिल घ्या, त्यावर जीएसटी आणि टीसीएस वेगळे दाखवलेले असावे. टीसीएस म्हणजे सहलीच्या पैशांबरोबर आगाऊ घेतलेला आयकर. परदेशी सहलीवर तो कापावाच लागतो आणि तो तुमच्या पॅनवर जमा होतो. विवरणपत्र भरले की तो वळता होतो किंवा परत मिळतो. एजंट पॅन मागत नाही याचा अर्थ तुमची सहल त्याच्या वहीत नाही.

थायलंडला १ मे २०२५ पासून आगमनाचे कार्ड ऑनलाइन भरावे लागते. ते फुकट आहे. त्याचे पैसे कोणी लावले तर देऊ नका.

आणि तो पैसे घेऊन बसला असेलच, तर बेळगावातच जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथे तक्रार करता येते, एजंट मुंबईचा असला तरी. त्याआधी १९१५ या क्रमांकावर ग्राहक मदत केंद्राला फोन करून बघा.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातला, वय २४. सीझनला कळंगुटच्या एका हॉटेलात किचनमध्ये असतो. आमच्याकडे चार्टरने येणारे इंग्रज पाहुणे दर वर्षी तेच येतात, मला नावाने हाक मारतात. ते म्हणतात, एकदा आमच्याकडे ये. ऐकले आहे की चार्टर विमाने रिकामी परत जातात. त्यातून आम्हाला स्वस्तात जाता येईल का?

उत्तर : बाळ, तुझे पत्र मी दोनदा वाचले.

चार्टरचे गणित असे असते. विमान नवे पाहुणे घेऊन येते आणि एक-दोन आठवड्यांपूर्वी आलेले घेऊन परत जाते. म्हणून सीझनभर दोन्ही बाजूंनी ते भरलेलेच असते. रिकामे जाते ते फक्त सीझनच्या पहिल्या खेपेला, कारण परत न्यायला अजून कोणी नसते. आणि शेवटच्या खेपेला ते रिकामे येते. त्या रिकाम्या खेपेचा खर्चही सहल कंपनीने सगळ्या सीझनच्या दरात आधीच धरलेला असतो. जागा तिकडच्या सहल कंपनीच्या, विक्री तिकडे, पॅकेज जाऊन-येऊन. इथून एका बाजूचे तिकीट विकायला तिथे कोणी बसलेले नसते. १९८० च्या दशकात जर्मनीहून ही विमाने गोव्याला यायला लागली, तेव्हापासून हीच रीत आहे.

तुला जायचे असेल तर साध्या विमानाने मुंबईमार्गे किंवा आखाती देशांमार्गे. गोव्यातून जाणार असशील तर तिकिटावर दाबोळी की मोपा ते बघ. जानेवारी २०२३ पासून दोन्ही चालू आहेत, आणि चुकीच्या विमानतळावर गेलास तर अख्खा गोवा पार करावा लागेल.

पण तिकिटाच्या आधीचे काम मोठे आहे. पाहुण्यांचे निमंत्रणपत्र उपयोगी पडते, तरी व्हिसा देणारा तुझेच खाते बघतो. सीझनचा पगार तू रोख घेत असशील. पुढच्या सीझनपासून तो बँकेत घाल, मालकाकडून कामाचे पत्र घे आणि ऑफ-सीझनला गावी जे काम करतोस त्याचेही पैसे खात्यात येऊ देत. दोन सीझनचा असा हिशोब दिसला की अर्ज करण्यात अर्थ आहे. आत्ता केलास तर फी जाईल आणि नकाराचा शिक्का पुढच्या प्रत्येक अर्जात सांगावा लागेल.

पासपोर्ट मात्र लगेच काढ. ३६ पानी पासपोर्टला १,५०० रुपये लागतात. पूर्वी त्यासाठी हुबळीला जावे लागे, आता बेळगावातही पोस्टातले केंद्र आहे. अर्ज भरण्याआधी शाळेचा दाखला, आधार आणि पॅन शेजारी ठेवून नाव जुळव. आपल्याकडे शाळेत कन्नड पद्धतीने नुसते नाव आणि इनिशियल लिहितात, आधारवर आडनाव असते, आणि मग पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा राहतो. एकच शब्दाच्या नावाच्या पासपोर्टवर दुबईकडचा पर्यटक व्हिसा नोव्हेंबर २०२२ पासून अडतो. आडनावाचा रकाना भरलाच पाहिजे. दहावीचे प्रमाणपत्रही जोड.

पासपोर्ट घरी आला की त्याचे पहिले पान उघडून नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर वाच, आणि सगळे बरोबर असेल तर मला पुन्हा लिही. पाहुण्यांनी निमंत्रणपत्रात काय लिहायला हवे, ते तेव्हा सविस्तर सांगेन.